चंद्रव्वाचा डावा हात

शुक्रवार पेठेत चंद्रव्वाशी भांडून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचाय. घरच्या किराणा दुकानात ती उभी असली की काटा मारायची टाप तिच्या नवऱ्याचीसुद्धा नाही.

तीच चंद्रव्वा फळीवरून तेलाचा डबा उतरवत होती. डाव्या खांद्यात काहीतरी टर्रकन फाटलं आणि हात पोटाच्या वर जाईना. दुखणं तिनं पचवलं असतं. पण रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, डोळ्यांसमोर धरायचं, मगच पाण्याचा घोट, हा तिचा पोरवयापासूनचा नेम. आता लिंग पोटापाशीच राहायचं आणि तिला मान खाली घालून बघावं लागायचं. मान खाली घालणं तिला ठाऊकच नव्हतं.

"उजव्या हातावर घे की," नवरा वीरभद्रप्पा म्हणाला.

"उद्या म्हणाल, पायावर घे!"

डॉक्टर म्हणाले, स्नायू हाडाला धरून ठेवणारा दोर फाटलाय. टाके घालून वर पातळ जाळी बसवू. तिच्या आधारानं शरीर स्वतःचे तंतू विणेल, जाळी हळूहळू विरघळून जाईल. हे सगळं सांगितलं कुणाला? मुलाला, महेश्वरला. चंद्रव्वा शेजारी बसलेली, जणू ज्वारीचं पोतं.

ऑपरेशनच्या दिवशी नर्स कौतुकानं म्हणाली, "आज्जी, लई भारी जाळी हाय. जनावरापासनं बनवलेली."

चंद्रव्वा स्ट्रेचरवर ताडकन उठून बसली. "महेश्वर! तुला ठावं व्हतं?"

"अव्वा, विरघळतंय की ते. कुणाला दिसतंय?"

"जल्मात अंडं शिवलं न्हाई मी. आन् माज्या खांद्यात काय घालताय ते मलाच न्हाई सांगत?"

डॉक्टर धावत आले. "आजी, बरं होणं महत्त्वाचं की हे?"

"खांदा माजा हाय. इचारायचं मला! दुसरी जाळी न्हाई व्हय?"

"आहे. टाक्याच्या दोऱ्यासारखी, कृत्रिम. तीही विरघळते. पण मागवावी लागेल, थांबावं लागेल."

"मग आदी का न्हाई बोलला?"

दवाखान्याच्या हिरव्या झग्यावरच लुगडं गुंडाळून चंद्रव्वा चालत बाहेर पडली.

ती जाळी आली तेव्हाच ती परत गेली. ऑपरेशन झालं, हात झोळीत अडकला. बघायला येणारे पाहुणे टोमणे मारायचे, "हट्टानं उशीर केला. आता हात वर गेला तर नशीब!" तिलाही धाकधूक होतीच, पण बोलून दाखवेल ती चंद्रव्वा कसली! झोळी सुटल्यावर भिंतीवर बोटं चालवत, दात-ओठ खात तिनं व्यायाम केले.

एका सकाळी तळहातावर लिंग घेऊन ती बसली. हात छातीपर्यंत आला, तिथंच थरथरायला लागला. वीरभद्रप्पानं घाईघाईनं तिच्या कोपराखाली हात दिला.

"बिडरी!" ती कानडीत कडाडली, सोडा म्हणजे सोडा.

त्यानं चटका बसल्यासारखा हात काढला. तिचा तळहात थरथरतच, पण वर गेला. डोळ्यांसमोर आला.

मान ताठ होती.