परक्या मढ्याची तेरवी

मला एका जागी बसवत नाही. नातवंडं हसतात, आजीच्या पायाला भिंगरी आहे म्हणतात. हसा. ही भिंगरी लढाईच्या वर्षांत लागली आणि ती नवऱ्यानं लावली.

आमचं गाव चिचगडच्या पुढे, जंगलाच्या तोंडाशी. गावाच्या उगवतीला एक नाला. नाल्याच्या अलीकडे इंग्रजांचं राज्य, पलीकडे संस्थान. बेचाळीसची धरपकड सुरू झाली तसे आमचे हे आणि आणखी काही जण पलीकडच्या जंगलात जाऊन राहिले; तिथलीही काही पोरं त्यांना मिळाली. जवळ ठासणीच्या भरमार बंदुका आणि कुठून तरी पळवलेल्या दोन रायफली. तिकडून नाला ओलांडून यायचे, लढाईसाठी सरकारनं तोडून ठेवलेलं लाकूड पेटवायचे, तारा तोडायचे आणि पोलीस गोळा होईपर्यंत पुन्हा पलीकडे. संस्थानात शिरायला इकडच्या पोलिसांना परवानगी लागायची. ती येईपर्यंत पोरं जेवून हात वाळवत बसली असतील, असं सासरे म्हणायचे.

मला अभिमान होता का? होता. रागही तेवढाच होता. लग्नाची हळद नीट उतरली नव्हती आणि हा माणूस जंगलात. देशासाठी गेलेल्या नवऱ्यावर रागावता येत नाही, म्हणून मी भांड्यांवर रागवायची. लॉरीचा आवाज आला की हातातलं काम टाकून दाराशी धावायची. पोलीस वरचेवर यायचे, धानाच्या कोठीत काठ्या खुपसायचे, सासऱ्यांना उन्हात उभं करायचे. सापडले तर फासावर जातील, हे घरात कोणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. मी दारातून परसात, परसातून तळ्याच्या पाळीवर, पाळीवरून परत दारात अशी फिरायची. सासू म्हणायची, "बस ना वं एका जागी. तू फिरल्यानं का तो लवकर येनार हाय?"

एका सकाळी शिपाई सासऱ्यांना घेऊन गेला. आदल्या दिवशी लाकडाच्या डेपोवर हल्ला झाला होता, गोळी लागून एक जण पडला होता. तुमचाच दिसतो, येऊन ओळखा, असा निरोप होता. ते परत येईपर्यंत मी काय केलं ते मला आठवत नाही. घडा घेऊन तळ्यावर गेले आणि रिकामाच घेऊन आले, एवढं आठवतं.

दुपारी बैलगाडी आली. पुढे सासरे, मागे पोलिसांचा जमादार. गाडीत चादरीखाली माणूस. सासरे कोणाकडे पाहत नव्हते. "आनलं त्याले," एवढंच बोलले.

सासूनं तोंडावरची चादर काढली. गाल गोळीनं फाटला होता, पण आईला गाल कशाला लागतो? तिचा हात क्षणभर थांबला. मग तिनं असा हंबरडा फोडला, की शेजारणी कामं टाकून धावत आल्या. मी पायांकडे पाहिलं. ह्यांच्या नडगीवर कुऱ्हाडीची जुनी खूण होती. ह्या नडगीवर काहीच नव्हतं.

मी तोंड उघडणार तोच सासूनं मला छातीशी ओढलं आणि रडता रडता कानात बोलली, "माया पोटचा नाई हा. पन कोनाच्या तरी पोटचा हाय. रड."

मी रडले. नवरा जिवंत आहे या आनंदानं रडले, खरं तेच लिहिते. जमादार टोपी काढून उभा होता.

तळ्याकाठी सासऱ्यांनी आग दिली. मग बायकांनी माझ्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. दहावा झाला, तेरवी झाली, गाव जेवलं. तेरवीनंतर सासरे दाराकडे तोंड करून मला म्हणाले, "जमादारानं इचारलं, 'पहचानो बाबा, यही है?' मी होय म्हनलं. आता त्याले कोनी शोधनार नाई."

सासऱ्यासमोर मी कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलले, "अन् ह्याची बायको?"

सासऱ्यांनी पंचा खांद्यावर टाकला. ते पाळीवर निघून गेले.

पोलीस यायचे थांबले. हे पलीकडे सुखरूप होते, तसा निरोपही आला. पण मी गावात विधवा. लग्नाघरी हळद दळायला मला कोणी हाक मारेना. त्याचंही मला फार वाटलं नाही. खरा जीव खाल्ला तो चिचगडच्या बाजारानं. पलीकडच्या बाया मोहफुलं, चारोळ्या घेऊन यायच्या. मी भाव करायची आणि नजर त्यांच्या कपाळावरच्या कुंकवावर. ही असेल का त्याची बायको? की ती, जी सारखी रस्त्याकडे पाहते? कोणाला विचारायची सोय नव्हती. एक शब्द सुटला असता तर ह्यांच्या गळ्यात दोर होता.

लढाई संपली, वॉरंटं मागे घेतली आणि एक दिवस हे चालत दारात आले. भूत पाहायला यावं तसं गाव गोळा झालं. सासूनं ओवाळलं, कुंकवाचा करंडा माझ्यापुढे धरला. मी मागे सरले. ह्यांना म्हटलं, "तो कोन होता?"

"माया जोडीदार. बाजूच्या संस्थानी गावचा."

"त्याच्या घरी सांगतलं?"

हे खाली पाहू लागले. "कसा सांगू? तिकडं रडारड झाली असती तर इकडं समजलं असतं."

"आता तं कोनाले भेव नाई ना? चाला. मंग लावीन कुंकू."

दुसऱ्या दिवशी आम्ही नाला ओलांडून गेलो. घर गावाबाहेरच होतं, नुकतं सारवलेलं. ती माझ्याच वयाची. कपाळभर कुंकू, हातात लाखेच्या लाल बांगड्या. ह्यांना तिनं ओळखलं. एकदा तिच्याच हातचं जेवले होते. तिची धांदल उडाली. खाट टाकली, धावत आत गेली आणि पाण्याचे तीन लोटे आणून ठेवले. मग पदर सावरत आमच्या मागच्या वाटेकडे पाहिलं.

"अन् हे? मांगून येऊन राहिले का?"

बंदुकीसमोर न डगमगलेला माझा नवरा लोट्याकडे पाहत उभा राहिला. मी पुढे होऊन तिचे दोन्ही हात धरले.

"नाई बाई," मी म्हटलं. "त्यायले आमच्या घरून नेलं."