तात्सुमीच्या हाताचा पेला

तात्सुमी कुमाशिरोने चाळीस वर्षं कारात्सूच्या डोंगराकडच्या कुंभारभट्ट्यांना पाइनची लाकडं पुरवली. माणूस तुटक बोलणारा, पण लाकूड असं वाळलेलं की दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजायच्या. डाव्या हाताची तीन बोटं करवतीने तरुणपणीच नेलेली. अडुसष्टाव्या वर्षी उजव्या अंगावरून वारं गेलं. पुढे चालता यायला लागलं, बोटं मिटायला लागली, पण त्या बोटांना, तळव्याला काही कळेना. महिन्याभरात चहाचे तीन पेले फुटले, तेव्हा बायकोने, किनुएने, तोटीचा प्लॅस्टिकचा पेला आणला.

"हा तान्ह्या बाळाचा आहे."

"मग तान्ह्या बाळासारखं रुसू नका. फरशी पुसून माझी कंबर गेली."

घरात तो त्यातून प्यायचा. चारचौघांत मात्र "तहान नाही" म्हणायचा.

शरदातल्या उत्सवाच्या बैठकीत ते शिझुनोच्या नजरेस आलं. वडिलांच्या मागे त्यांची भट्टी तीच चालवायची. तात्सुमीसमोरचा चहा निवून गेला, त्याने हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ती ओल्या मातीचा गोळा घेऊन दारात हजर.

"काका, हा धरा. चहा प्यायला धरता तसा."

"कशाला?"

"धरा तर खरं."

त्याने धरला. बोटांचे खळगे उमटले तसा तो गोळा फडक्यात गुंडाळून ती निघून गेली.

दोन महिन्यांनी भट्टी उघडल्यावर ती पेला घेऊन आली. बुडाशी जाड, मध्ये बोटं रुतावीत असा आवळलेला. वरची करडी झिलई आकसून तिचे दाणे दाणे झालेले, शार्कच्या कातडीसारखे.

"याच्या अंगावर काटा का आलाय?" तात्सुमी म्हणाला.

"तुम्हाला बघून."

किनुएने चहा ओतला. त्याने पेला उचलला. पेला निसटला नाही. तो तसाच धरून बसला.

"काय झालं हो?" किनुएने विचारलं.

"बोचतंय," तो हळूच म्हणाला. "तळव्याला काहीतरी बोचतंय."

किनुए मुळ्याच्या लोणच्याची फोड आणायला म्हणून आत गेली, ती बराच वेळ आली नाही.

तात्सुमीने चहा संपवला आणि कमरेत वाकून शिझुनोला नमस्कार केला. तशी तीही वाकली.

"आभार मानायला मी आले होते, काका. बाबा गेले तेव्हा एकट्या बाईला भट्टी लावणं जमणार नाही, असं सगळे म्हणाले. तुम्ही काही न विचारता लाकडं रचून गेलात. सोळा वर्षं हे बोलायचं राहिलं होतं."

"मी तर नेहमीची खेप टाकली होती," तो म्हणाला.

पुढल्या बैठकीला तो पेला फडक्यात बांधून घेऊन गेला. चहा दोनदा मागून घेतला, आणि उत्सवाचा रथ यंदा कोणत्या गल्लीतून न्यायचा यावर शेजाऱ्याशी मनसोक्त भांडला.