शेतावरचे उंदीर

आम्ही बेलापूरच्या नव्या कॉलनीत राहायला आलो तेव्हा दिवाळे गावातली एक म्हातारी रोज सकाळी आमच्या खिडकीखाली यायची. डोक्यावर मासळीची पाटी, हातात उंदराचा पिंजरा. पाटी न उतरवता ती ताठ उकिडवी बसायची, पिंजऱ्याचं दार उघडायची आणि लेकीला सासरी धाडावं तसं म्हणायची, "जा, नीट रा." उंदीर थेट आमच्या मोरीत.

एकदा मी चिडून विचारलं, "मावशी, तुमचे उंदीर इथे का सोडता?"

"माझे कुठले? इथं माझं शेत व्हतं, त्यातले हे. तुमची बिल्डिंग उठली नि सगले माझ्या घरात शिरले. सुकी मासली शिल्लक ठेवत नाय. आमाला नोटीस तरी आली, यांना कोनी सांगितलंच नाय. म्हनून घरी पोचवते."

मी हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं. सेक्रेटरी गरजले, "तिला सांगा, ही प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे!"

दुसऱ्या दिवशी मी तिला तसं सांगितलं.

"कोन म्हनतो?"

"आमचे सेक्रेटरी."

"ते कुठं रातात?"

मी समोरच्या बिल्डिंगच्या तळमजल्याकडे बोट दाखवलं. ती पिंजरा घेऊन उठली. त्यांच्या घरामागचं फाटक उघडं असतं, हेही मी सांगून टाकलं.