आधी नमुना, मग गोळी

आमच्या घरात लघवीला लघवी म्हणत नाहीत. ‘जाऊन येते’ म्हणतात, ‘बाथरूमचा त्रास आहे’ म्हणतात, आणि पाहुणे असतील तर काहीच म्हणत नाहीत. मी म्हणते. मी घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, आणि लोकांच्या लघवीत कोणते जंतू वाढतात ते बघणं हे माझं रोजचं काम आहे. लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांनी नातेवाइकांना सांगितलं होतं की मुलगी संशोधन करते. साखरपुड्यात एका काकूंनी विचारलं, “कशावर गं संशोधन?” मी खरं ते सांगितलं. त्यांनी हातातला पेढा हळूच ताटलीत परत ठेवला.

मी माझा पेढा खाल्ला. आमचं गाव जालना जिल्ह्यातलं, तालुक्याचं. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती उचलायचे. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच होता आणि तो कपाटात कुलूपबंद असायचा, मुलं मोडतील म्हणून. विज्ञानाच्या बाईंनी मुख्याध्यापकांशी भांडून ते कुलूप उघडायला लावलं आणि आम्हाला हौदातल्या पाण्याचा एक थेंब दाखवला. त्या थेंबात काहीतरी पळत होतं. मी तीनदा रांगेत उभी राहिले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि ती त्या बाईंमुळे आणि वडिलांच्या पाठीमुळे. जिथपर्यंत पोचायला एवढ्या माणसांचे हात लागले, त्या कामाचं नाव मी दबक्या आवाजात का घेऊ?

असं म्हणणारी मी स्वतःच्या घरात मात्र एकदा गप्प बसले. ते सांगायचं आहे.

गेल्या वर्षी होळीच्या आसपास सासूबाईंना ताप आला. आमचं घर मुलुंडला. सासूबाई पोस्टातून निवृत्त झालेल्या, आवाज असा की दुसऱ्या मजल्यावरून फाटकाशी उभ्या भाजीवाल्याशी घासाघीस करतात. त्या दिवशी आवाज नव्हता. दर पंधरा मिनिटांनी आत जात होत्या आणि ओठ आवळून बाहेर येत होत्या.

“आई, जळजळतंय का?”

“तुला काय करायचंय? उन्हाळा आहे.”

थंडीपासून हे तिसऱ्यांदा होत होतं. दर वेळी खालच्या केमिस्टकडून त्याच गोळ्या यायच्या, दोन दिवस घेतल्या की बरं वाटायचं, आणि उरलेली पट्टी पुढच्या वेळेसाठी खणात जायची. या खेपेला आमच्या डॉक्टरांनी गोळी लिहिण्याआधी युरिन कल्चर लिहून दिलं. साध्या तपासणीत लघवीत पू आहे का ते कळतं. कल्चरमध्ये त्या जंतूंना खाऊ घालून वाढवतात, म्हणजे तो नेमका कोण आहे आणि कोणत्या औषधाला दबतो ते कळतं. तिसऱ्यांदा येणाऱ्या पाहुण्याचं नाव-गाव विचारायला नको?

मी लॅबमधून निर्जंतुक डबी आणली, रात्री सासूबाईंच्या उशाशी ठेवली आणि म्हटलं, “सकाळची पहिली द्या.” बस. एवढंच. रोज काउंटरवर परक्या बायकांना मी सगळी रीत सांगते, न अडखळता, नवरे बाजूला उभे असले तरी. पण इथे सासूबाई होत्या. माझी जीभ उचलली नाही.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला: मिश्र वाढ, नमुना पुन्हा पाठवावा. जंतू वाढवतात ती प्लेट मीच बघितली होती. जंतूंच्या तीन-चार तऱ्हेच्या वसाहती, एकीवर एक. आमच्या लॅबच्या मॅडम म्हणाल्या, “हा आजार नाही, हा बाहेरचा कचरा आहे. कुणाची गं?”

मी म्हटलं, “घरची.”

त्यांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं.

घरी येऊन सासूबाईंना विचारलं, डबी कशी भरली? त्यांना प्रश्नच कळेना. “कशी म्हणजे? आधी नीट घासली. नवीन भांडं धुतल्याशिवाय वापरायचं असतं का? मग पुसली.”

“कशाने?”

“पदराने. स्वच्छ होता पदर, सकाळचाच होता. मग मगात धरली आणि मगातून डबीत ओतली. एवढुशा डबीत नेम कोण धरणार?”

मी कॉटवर बसले. त्यांची काही चूक नव्हती. नवं भांडं धुऊन घ्यावं हे त्यांना त्यांच्या आईने शिकवलं होतं आणि ते खरंच आहे. फक्त ही डबी त्यात बसत नाही. ही आधीच जंतू मारून बंद केलेली असते, उघडून धुतली की बिघडते. हे त्यांना सांगणं ज्या एका माणसाचं काम होतं, ते माणूस लाजलं होतं.

आता खरी अडचण सुरू झाली. नवऱ्याने तो रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकला. तासाभरात सगळ्यांनी निकाल देऊन टाकला की आईच्या पोटात बरेच प्रकारचे जंतू सापडले आहेत. रविवारी सकाळी नणंद बोरिवलीहून येऊन थडकली. तिच्या हातात तिच्या नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळची उरलेली गोळ्यांची पट्टी होती. भारी गोळी, महागाची.

“सगळ्या जंतूंवर चालते,” ती म्हणाली. “आई, आत्ताच्या आत्ता घे. पाणी आण गं.”

सासूबाईंना एकशे एक ताप होता. मला भीती वाटत नव्हती असं नाही. ताप चढून हुडहुडी भरली, कमरेच्या वर पाठ दुखू लागली, तर जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचला असं धरायचं आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. पण ती गोळी आधी पोटात गेली असती, तर पुढच्या नमुन्यात जंतू दबून बसला असता. प्लेट कोरी आली असती. आणि चौथ्यांदा ताप आला असता, तेव्हाही आमच्या हातात काहीच नसतं.

मी पाणी आणलं नाही. पट्टी उचलली आणि मुठीत धरली.

“ताई, आधी नमुना, मग गोळी. आणि गोळी ही नाही, डॉक्टर सांगतील ती.”

“नमुना दिला ना एकदा? किती वेळा आईची शोभा करणार आहेस?”

“तो खराब गेला. माझ्यामुळे गेला.”

“तू टेक्निशियन आहेस. डॉक्टर नाहीस, कळलं ना?”

“कळलं. म्हणूनच डॉक्टरांना फोन लावते. पण डबी कशी भरायची ते मला डॉक्टरांपेक्षा जास्त येतं.”

नवरा म्हणाला, “अगं, हळू बोल ना, खिडक्या उघड्या आहेत.”

“राहू दे उघड्या,” मी म्हटलं. त्या दिवशी माझा आवाज फाटकापर्यंत गेला असणार.

फोन स्पीकरवर टाकला. डॉक्टर म्हणाले, “अर्ध्या तासात नमुना घ्या, लॅबकडे निघाला की मी सांगतो ती गोळी सुरू करा. त्याच्याआधी काही नको. पाठ दुखली किंवा थंडी वाजली तर थांबायचं नाही, घेऊन यायचं.” नणंद सोफ्यावर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून.

मी नवी डबी घेतली आणि सासूबाईंच्या मागोमाग बाथरूमच्या दारात गेले.

“तू कुठे येतेस? जा तिकडे.”

“नाही जाणार. पाठ करून उभी राहते. ऐका. आधी हात धुवा. मग साध्या पाण्याने पुढून मागे स्वच्छ करा. डबी धुवायची नाही. झाकण उघडून उपडं ठेवू नका, आत बोट लावू नका. सुरुवातीची धार सोडून द्या, मग डबी मध्ये धरा, अर्धी भरली की बाजूला घ्या. मग हवं तेवढं करा.”

आतून आवाज आला, “लग्नातसुद्धा कुणी एवढे विधी सांगितले नव्हते गं मला.”

मी पाठमोरी हसले. बाहेर नणंदसुद्धा हसली असावी, कारण पर्सची चेन उघडल्याचा आणि रुमालाआड खोकल्याचा आवाज आला.

डबी बंद करून पिशवीत घातली, भोवती बर्फ ठेवला, कारण गरम हवेत नमुना नुसता पडून राहिला तर एकाचे हजार होतात आणि मोजणी खोटी येते. रिक्षाने लाल बहादूर शास्त्री मार्गावरून सरळ लॅब गाठली. रविवारी अर्धा दिवस उघडी असते. नमुना मी स्वतःच लावला. तारेचा बारीक वळसा लघवीत बुडवून निळसर हिरव्या प्लेटवर ओढला, आणि प्लेट उबवणपेटीत ठेवली. हे मी हजारदा केलं असेल. त्या दिवशी डबीवरचं नाव दोनदा वाचलं.

सोमवारी सकाळी प्लेट पिवळी झाली होती, म्हणजे जंतू वाढला होता. सगळ्या वसाहती एकसारख्या, दाट, एकाच जातीच्या. मला इतका आनंद झाला की मॅडमनी विचारलं, “लॉटरी लागली का?” जंतू सापडल्याचा आनंद कसा समजावणार! तो सापडला म्हणजे आता त्याला विचारता येत होतं. दुसऱ्या प्लेटवर तो पसरून वर औषधांच्या छोट्या चकत्या ठेवल्या. जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती जंतू वाढत नाही, स्वच्छ गोल राहतो.

मंगळवारी बघितलं. केमिस्टच्या त्या नेहमीच्या गोळीच्या चकतीला जंतू अगदी चिकटून वाढला होता, जणू ती तिथे नव्हतीच. आणि एका जुन्या, साध्या औषधाभोवती चांगलं रुंद रिकामं वर्तुळ होतं. नणंदेच्या भारी गोळीची गरजच नव्हती.

फोटो काढला आणि संध्याकाळी सासूबाईंना दाखवला. त्यांनी फोन लांब धरून पाहिला.

“हे माझं?”

“तुमचं.”

“आणि ही चकती म्हणजे मी दोनदा घेतलेली गोळी?”

“हो.”

“मेल्याला काहीच झालं नाही की गं तिने!” त्या म्हणाल्या. त्या आवाजात पोस्टाच्या खिडकीतला जुना राग होता, आणि मला तो ऐकून फार बरं वाटलं. डॉक्टरांनी रविवारी सुरू केलेली गोळी बदलून ते साधं औषध दिलं. दोन दिवसांत ताप उतरला. या वेळी मी पट्टीतली एकही गोळी उरू दिली नाही. रोज समोर उभी राहून दिली. त्या म्हणायच्या, “हवालदार आली.” मी म्हणायचे, “तोंड उघडा.”

चैत्रात सोसायटीतल्या एका घरी हळदीकुंकू होतं. सासूबाई मला घेऊन गेल्या. पन्ह्याचे ग्लास फिरत होते आणि निम्म्या बायका अर्धाच ग्लास घेत होत्या. अजून दोन घरी जायचंय, मग मध्येच जावं लागतं, असं एकमेकींच्या कानात. सासूबाईंनी हे बघितलं. त्यांनी आपला ग्लास एका दमात संपवला, खाली ठेवला आणि भर हॉलमध्ये म्हणाल्या, “ही माझी सून. लघवी तपासते. हिला काय विचारायचं ते विचारा.”

कुणीतरी पंख्याकडे बघितलं. कोपऱ्यातल्या एक काकू पर्स उचलून उठल्या.

“बस गं खाली,” सासूबाई म्हणाल्या. “तुलाही जळजळतं. मला माहितीये.”

काकू बसल्या. मी सांगायला सुरुवात केली, डबीपासून.