शहापूर–मुरबाड, वेणीमार्गे

आमच्या व्याह्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली; पण ते एसटीतून खाली उतरले आहेत, यावर माझा आजही विश्वास नाही. सूनबाईंचे हे वडील जन्मभर कंडक्टर होते आणि सगळे जग ही एक खच्चून भरलेली गाडी आहे, अशी त्यांची समजूत आहे. देवळाच्या रांगेतही ते अनोळखी माणसांना "मागं जागा हाय, सरका" म्हणून दटावतात. आमच्या मुलांच्या लग्नात अंतरपाट दूर होताच त्यांनी मांडवाचा खांब दोनदा ठोकला. गाडी सुटली, एवढाच त्याचा अर्थ. मला तो प्रकार पोरकट वाटला आणि मी तसे त्यांना तिथेच सुनावले. मी जन्मभर शिक्षक होतो. चूक दिसली की दुरुस्त करायची, ही माझी खोड.

आमची नात स्वमग्न आहे. दुसऱ्याचा हात केसांना लागला की तिला चटका बसल्यासारखे होते. शाळेला मात्र दोन वेण्या हव्यात, रिबिनीने वर बांधलेल्या. शहापूरच्या आमच्या घरात रोज सकाळी फणी निघाली की नात पलंगाखाली जाई, आणि तिला बाहेर काढताना सूनबाईंच्या मनगटावर दात उमटत. शेवटी रविवारी तिचे केस अगदी बारीक कापून आणायचे ठरले. पण त्याच केसांचे टोक गालावर फिरवत ती झोपत असे. बाजारात गोंगाट वाढला की तेच मुठीत धरून उभी राहत असे. केस गेल्यावर तिच्या मुठीत काय राहणार होते?

बातमी मुरबाडला पोहोचली आणि शनिवारी पहिल्या गाडीने व्याही, म्हणजे नातीचे आबा, हजर झाले. त्यांनी खिडकीच्या गजाला बैलाच्या गळ्यातली घंटा टांगली व तिला सुतळी बांधली. पहिल्याच ठोक्याला नातीने कान झाकले. व्याह्यांनी लगेच घंटेच्या लोळ्याला फडके गुंडाळले. मग ती नुसतेच 'टुक' करू लागली. सुतळीचे टोक त्यांनी नातीच्या हाती दिले.

"येक मारली का गाडी थांबनार, दोन मारल्या का सुटनार. कंडक्टर तू, बाय. मी निस्ता डायवर."

ड्रायव्हर मंडळींना जन्मभर कमी लेखणाऱ्या माणसाने हे म्हणावे, ही लहान गोष्ट नव्हे.

नातीने एक घंटा दिली. फणी हवेत थांबली. बऱ्याच वेळाने दोन दिल्या, फणी जरा हलली, लगेच पुन्हा एक. गाडी खरोखर थांबते की नाही, हे ती तपासत होती. मी म्हणालो, "अशाने दुपार होईल."

"होऊ द्या, व्याहीबुवा. घाट हाय."

दुपारच झाली, पण दोन्ही वेण्या पडल्या. रविवारी न्हाव्याकडे कोणी गेले नाही.

त्यानंतर व्याही रोज मुरबाडहून पहिल्या गाडीने येऊ लागले, केवळ वेण्या घालायला. डावी वेणी मुरबाडला जाणारी, उजवी परतीची. सापगाव, किन्हवली, सरळगाव. प्रत्येक थांब्यावर त्यांचा हात थांबे आणि दोन 'टुक' झाल्याखेरीज पुढचा पेड पडत नसे. गुंता लागायच्या आधीच सूचना मिळे, "फुडं खड्डा हाय, धरून बसा." डावी वेणी मुरबाडला पोहोचली की व्याही बशीत ओतून चहा घेत, आणि तोवर गाडी उभी. एकदा घाईत त्यांच्याकडून सापगाव राहून गेले. एक घंटा झाली. त्यांनी अर्धी वेणी उलगडली आणि गाडी पुन्हा शहापुरातून काढली.

"बाबा, शाळा!" सूनबाई ओरडल्या.

"पॅसेंजर सापगावला उभी र्‍हायली ना! स्टॉप चुकवून नोकरी केली नाय गो मी कधी."

दिवाळीनंतर व्याह्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरांनी एसटीची पायरी चढायला मनाई केली. आता वेण्या मी घालतो. गावांची नावे मी स्पष्ट व शुद्ध उच्चारतो. नातीला ती व्याह्यांच्याच सुरात हवी असतात, म्हणून तसेही म्हणतो. "धरून बसा" हे शब्द माझ्या तोंडून निघाले, तेव्हा सूनबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मी चहा घेत नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी मुरबाड येताच मी लगेच उजव्या बाजूचे केस हाती घेतले. 'टुक.'

"आबा चहा पितायत," नात म्हणाली.

तिच्या लेखी गाडी खरोखरच मुरबाडला पोहोचलेली असते आणि तिथे आबा बशीत चहा ओतत असतात. ही चूक आहे. मी ती दुरुस्त केलेली नाही. एक वेणी घातलेली, एक बाजू मोकळी, अशी ती सुतळी धरून खिडकीबाहेर पाहत बसते. शाळेची वेळ होत येते. मी फणी हातात घेऊन उभा राहतो. व्याही चहा सावकाश पितात.