मूकपटाशी अडलेले मास्तर

प्रेमावर आमच्या मास्तरांइतकं बोलणारा आणि त्याच बाबतीत इतका मुका माणूस अख्ख्या बऱ्हाणपुरात झाला नाही, होणार नाही! आम्ही एकाच शाळेत. मी गणित शिकवायचो, ते मराठी. प्रेमाच्या हसऱ्या गोष्टी संस्कृत नाटकापासून सिनेमापर्यंत सगळ्या एकाच माळेचे मणी, हे त्यांचं ठाम मत. "बदललंय काय हो? तेव्हा राजा झाडाआड लपायचा, आता हिरो झाडाभोवती फिरतो. झाड तेच!" टॉकीजमध्ये बसले की पुढे काय होणार ते मोठ्यानं सांगायचे. शेवटी गेटकीपरनं हात जोडले, "मास्टरसाब, तुम्ही बाहेर बसा न. पिक्चर आम्ही पाहून घेऊ."

मुलींच्या शाळेतल्या एका बाईंवर मास्तरांचा जीव जडला होता. बाईंनाही ते आवडत. नाहीतर विदूषकावरचं व्याख्यान कोण दुसऱ्यांदा ऐकतं? तेवढ्यात राज्यांची वाटणी झाली. नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं, आम्ही इकडे हिंदी राज्यात राहिलो, आणि बाईंच्या वडिलांची बदली नागपूरला झाली. मास्तरांनी टोपी घट्ट बसवली. "जायच्या आत विचारणार म्हणजे विचारणारच!" रोज जात आणि नुसती प्रस्तावना करून परत येत. "अहो, सरळ विचारा ना!" मी ओरडायचो. "आधी मागचा संदर्भ नको का?" हे उत्तर. कपाळ माझं!

निघायच्या दिवशी टांग्यात सामान चढत होतं. मी ट्रंका उचलत होतो आणि हे बाईंना प्रेमाच्या हसऱ्या गोष्टी संस्कृत नाटकातल्या विदूषकाच्या मोदकांपासून सांगत होते. मग तमाशातल्या गवळणीतली मावशी, मग संगीत नाटक. मूकपटाशी पोचले तोच टांगेवाला ओरडला, "चलो, गाडी छूट जाएगी!" बाई चढल्या आणि न हसता म्हणाल्या, "मास्तर, बोलपट कधी सुरू होणार?"

टांगा हलला. मास्तर धोतर सावरत मागे धावले आणि भर बाजारात, भाजीवाल्यांसमोर ओरडले, "माझ्याशी लग्न कराल का?"

टांगा थांबला. बाईंनी पदर तोंडाला लावला. वडील हळूच म्हणाले, "कालच नागपूरच्या स्थळाला शब्द दिला हो मी. महिनाभर रोज येत होतात, बोलला का नाहीत?"

टांगा गेला. परतताना मास्तरांनी विचारलं, "पण विचारलं ना मी?"

"विचारलंत."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"मग झालं," म्हणाले, आणि रस्त्याच्या कडेला बसून टोपीत तोंड खुपसून रडले. मला फार वाईट वाटलं. मीही शेजारी बसलो. आजही कुणी त्यांना भित्रा म्हणालं, तर माझं डोकं फिरतं.