हॉर्नच्या बटणावरचा अंगठा

नवऱ्याला हे ठाऊक नाही, आईला नाही, चाचांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्या हातांकडे बघायला इथं नाही.

मी गुहागरकडची. शाळा सातवीत सुटली. नवऱ्याच्या नोकरीपायी हिंगोलीत आले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं, आणि भीती तर मला कशाचीही वाटायची — दार वाजलं तरी. शेजारी हबीब चाचांचं दुकान. पूर्वी ते पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले, ते काम गेलं. मग जुन्या मोटारींचे बारीक भाग येऊ लागले, मीटरच्या तबकड्या, डॅशबोर्डावरची बटणं. त्यांवरची झिजलेली अक्षरं पुन्हा भरायची. माझी बोटं बारीक, म्हणून चाचांनी मला शेजारी बसवलं. इंग्रजी वाचता येत नाही म्हटल्यावर एवढंच म्हणाले, "वाचायचं काहून? वळण बघ, बेटा." कधी हसले नाहीत. आणि त्याच माणसाला मी — थांबा. क्रमानं सांगते.

हट्टा गावच्या एका पाटलांनी आजोबांची गाडी शेडमधून बाहेर काढली होती. तिच्या स्टिअरिंगच्या मधोमध बसणारं हॉर्नचं बटण त्यांनी रुमालात गुंडाळून आणलं. हस्तिदंती रंगाचं, कडेनं कोरलेली तांबडी अक्षरं. दुसरं कुठं मिळत नाही, म्हणाले. काम असं, की कोरलेल्या खाचांत रंग भरायचा, थोडा वाळू द्यायचा, मग पत्त्याच्या पानाला फडकं गुंडाळून रॉकेलनं वरचा रंग पुसायचा. खाचेतला तेवढा राहतो. चाचांनी रंग भरला आणि जुम्याच्या नमाजाला गेले. जाताना बजावून गेले, "हात लावू नको. येऊन पुसतो. थिनर तर बिल्कुल न्हाई, हे जुनं प्लास्टिक पेढ्यावानी मऊ पडतंय."

मी हात लावला. का? शाबासकी हवी होती. एवढंच, आणि ते सांगतानासुद्धा तोंड कडू होतं. रंग चिवट झाला होता, रॉकेलला दाद देईना. मी थिनर घेतला. बटण धरलेला अंगठा आत रुतला — अगदी पेढ्यात रुतावा तसा.

मग काय केलं? सांगितलं? छे. खाचांत परत तांबडा रंग भरला, खड्ड्यावरही फासला, आणि चाचांनी ठेवलं होतं तसंच ठेवून दिलं. ते आले, त्यांनी पुसलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा अधू. त्यांना दिसलं नाही. पण मला दिसलं. खाचेत रंग राहतो ना? बटणावर उमटलेल्या माझ्या अंगठ्याच्या रेषांतही तो राहिला होता. अक्षरांपेक्षा सुबक. एक-एक रेघ तांबडी.

दुसऱ्या दिवशी पाटील आले. आधी हसलेच, "चाचा, अंगठा काहून उठवला? सही येते की तुम्हाला!" मग हसू गेलं.

चाचांनी बटण डोळ्याशी नेलं. अंगठ्यानं चाचपलं. त्यांचा अंगठा रुंद, चपटा. ती खूण त्याच्या निम्मीही नव्हती. कुणीही नीट बघितलं असतं तर — पण माझ्याकडे कोण बघणार? मी ब्रश धूत होते. "माझ्याच हातचं हाय," ते म्हणाले. "फडकं थिनरात बुडलं असंल."

गप्प बसले असते, तर भित्री म्हणून सुटले असते. पण मी गप्प नाही बसले. हेच मी आजवर स्वतःपाशीही उच्चारलेलं नाही. मी म्हणाले, "चाचा, मी सांगत होते ना, आता नजर राहिली नाही, तुम्ही बसत नका जाऊ." असं मी कधीही सांगितलेलं नव्हतं. आणि आवाज कसला — काळजीचा! तो आवाज आठवला की मला माझीच किळस येते. पाटलांनी मान डोलावली. चाचांनी पण.

त्या दिवसापासून त्यांनी ब्रश धरला नाही. आपला बारीक ब्रश मला दिला. गिऱ्हाईक आलं की सांगतात, पोरीचा हात माझ्याहून साफ हाय. पाटील बटण न घेताच गेले. ते खणात आहे, रुमालासकट. कधी वाटतं, त्या खुणेवर आपला अंगठा टेकवला तेव्हा चाचांना कळलं असेल. पण हे वाटणंसुद्धा माझ्याच सोयीचं. कळलं असतं, तर रोज सकाळी जे करतात ते त्यांनी केलं नसतं.

रोज सकाळी ते रॉकेलच्या बाटलीचं बूच काढतात, हुंगतात. आयुष्यभर ज्या नाकानं अंधारातही बाटल्या ओळखल्या, त्या नाकावर आता त्यांचा भरवसा नाही. बाटली माझ्यापुढे धरतात. "हे रॉकेलच हाय ना, बेटा?"

"हो, चाचा," मी म्हणते. आज सकाळीही म्हटलं.